शेवटचा निरोप : उजवीकडे

"आई, मी स्टिक सोडली होती. खरंच सोडली होती."

लेक हे तिसऱ्यांदा सांगत होती आणि मी तिसऱ्यांदा तेच म्हणत होते, "अगं, कडेला आलीस की थांबायचं. घाई कशाला करतेस?" पडद्यावर तिचा भिडू उजवीकडे जो धावत सुटला तो थेट कड्यावरून खाली. माझा भिडू अलीकडे सुखरूप उभा.

व्हिडिओ गेमचा नवा कन्सोल घरी येऊन दहा दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं की ती आठ वर्षांची आहे, हात लहान आहेत, सवय नाही, येईल हळूहळू. तिनेही बहुतेक तेच ठरवलं असावं. त्या संध्याकाळी तिने कंट्रोलर सोफ्यावर ठेवला. आपटला नाही, नीट ठेवला, आणि म्हणाली, "तूच खेळ. मला नाही जमत."

ते नीट ठेवणं मला लागलं. आपटला असता तर मी रागावले असते, मग समजूत काढली असती, दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळलो असतो. पण तिने कंट्रोलर असा ठेवला, जसं आपण दुसऱ्याची वस्तू परत करतो.

कंट्रोलर जोडण्याच्या कटकटी आम्हाला नव्या नव्हत्या. पहिल्याच रात्री एक झाली होती. बिनतारी कंट्रोलरची कन्सोलशी एकदा ओळख करून द्यावी लागते, त्याला सगळे पेअरिंग म्हणतात. आमच्याकडे ते यूएसबी केबलने होतं. केबल लावायची, मधलं बटण दाबायचं, की तारेतूनच दोघांमध्ये एक गुप्त किल्ली ठरते. ती दोघंही जपून ठेवतात आणि पुढे तार काढली तरी किल्ली जुळली की दार उघडतं. माझा कंट्रोलर खोक्यातल्या केबलने लगेच जोडला गेला. लेकीच्या कंट्रोलरला मी ड्रॉवरमधली एक जुनी केबल लावली. चार्जिंगचा दिवा लागला, कन्सोलला मात्र कंट्रोलर दिसेना. केबल काढली, घातली, कन्सोल बंद-चालू केला, अर्धा तास गेला. शेवटी कळलं की त्या केबलीत फक्त वीज वाहून नेणाऱ्या दोन तारा होत्या. माहिती नेणाऱ्या तारा तिच्यात घातलेल्याच नव्हत्या. बाहेरून दोन्ही केबली जुळ्या बहिणी वाटाव्यात अशा. दिवा लागतोय म्हणजे जोडलं गेलंय, असं आपण धरून चालतो, आणि बरोबर तिथेच फसतो.

चौथ्या दिवशी तिने तोच कंट्रोलर टॅबलेटला जोडून पाहिला. मग कन्सोलसमोर बटण दाबलं की दिवा थोडा वेळ लुकलुकायचा आणि विझून जायचा. हा कंट्रोलर एका वेळी एकच घर लक्षात ठेवतो. टॅबलेटची किल्ली आली तशी कन्सोलची पुसली गेली होती. मागे टाचणीचं टोक जाईल एवढं भोक असतं. त्यात टाचणी घालून आतलं बटण काही सेकंद दाबून धरलं, पुन्हा चांगली केबल लावली, झालं.

हे दोन्ही दोष सरळ होते. जोडलंय किंवा जोडलेलं नाही, यांच्या मधलं काही नव्हतं. म्हणूनच बहुधा तिसरा दोष मला इतके दिवस ओळखू आला नाही. तो मधेच कुठेतरी राहत होता. दिवा स्थिर, पडद्यावर कसलीही तक्रार नाही, खेळ चालू, आणि तरीही काहीतरी निसटलेलं.

लहानपणी माझ्या आणि दादाच्या वाट्याला तारेचे कंट्रोलर आले. काळी तार, दीडेक मीटरची, त्यामुळे दोघांनाही टीव्हीच्या पुढ्यातच बसावं लागायचं. दुसऱ्या कंट्रोलरची तार प्लगच्या मानेपाशी मुडपून मुडपून आतून तुटत आली होती. ती विशिष्ट कोनात वळवून पायाच्या अंगठ्याखाली दाबली की चालायचा, अंगठा हलला की बंद. तो कंट्रोलर अर्थातच धाकटीचा, म्हणजे माझा. पण दादाने एकदाही मला ‘तुला जमत नाही’ म्हटलं नाही, कारण दोष दोघांनाही दिसत होता. काळ्या रबरातून डोकावणारं तांबं दिसत होतं. मी हरले की तोच म्हणायचा, "तार सुटली गं, पुन्हा घे." तार होती म्हणून माझी बाजू मांडायला एक साक्षीदार होता. माझ्या लेकीला असा साक्षीदार नव्हता. तिच्या हातात गुळगुळीत, नवाकोरा, न बिघडलेला कंट्रोलर होता आणि समोर ‘घाई करू नकोस’ म्हणणारी आई.

ती झोपल्यावर मी तिच्या जागेवर जाऊन बसले. टीव्हीपासून लांब, डावीकडच्या कोपऱ्यात, जमिनीवर, सोफ्याला पाठ टेकून. ती नेहमी गुडघे जवळ घेऊन, कंट्रोलर पोटाशी धरून, त्याच्यावर ओणवी होऊन खेळते. मीही तशीच बसले. पहिली पाच-सात मिनिटं काही झालं नाही. मग भिडू एका फळीवर उतरला, मी स्टिक सोडली, अंगठा उचलून हवेत धरला, आणि तो धावतच राहिला. फार नाही, चार-पाच पावलं. पण फळी तीनच पावलांची होती.

अंगठा तसाच हवेत धरून मी कितीतरी वेळ पडद्याकडे पाहत बसले. तिने हे मला शब्दाशब्दाने सांगितलं होतं. तीनदा.

असं का होतं ते नंतर समजलं. कंट्रोलर सेकंदाला शंभराहून जास्त वेळा आपली स्थिती कळवत असतो, म्हणजे स्टिक कुठे झुकली आहे, कोणती बटणं दाबलेली आहेत. यातले काही निरोप वाटेत हरवले तर कन्सोल शेवटचा मिळालेला निरोप खरा धरून पुढे चालतो. शेवटचा निरोप ‘उजवीकडे’ असेल तर भिडू उजवीकडे पळत राहतो, हाताने स्टिक केव्हाच सोडलेली का असेना. बराच वेळ काहीच आलं नाही, तर खेळ थांबतो आणि ‘कंट्रोलर पुन्हा जोडा’ अशी पाटी येते. पण अर्ध्या सेकंदाच्या तुटीला पाटी नसते. ती खेळणाऱ्याच्या खात्यावर जमा होते.

सकाळी मी तिला म्हटलं, "तुझं बरोबर होतं. मी तुझ्या जागी बसून बघितलं. मी सोडलं तरी तो पळाला. मी उगीच तुला बोलले."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "म्हणजे सगळ्या वेळा?"

"सगळ्या वेळा नसेल. पण कुठल्या वेळा, ते शोधू."

तिने शाळेची अर्धी उरलेली वही आणली. पेन्सिलीने चार रकाने आखले. वेळ, कोण कुठे बसलं होतं, घरात काय काय चालू होतं, आणि ‘पळाला का’. शेवटच्या रकान्यात फुली किंवा रिकामं. पुढचे आठ दिवस आमचा खेळ हा निम्मा खेळ आणि निम्मा तपास होता, आणि सांगायला हरकत नाही, तपासात ती माझ्यापेक्षा खूप शिस्तीची निघाली.

सगळ्यात आधी आम्ही कंट्रोलर अदलाबदल केले. फुल्या कंट्रोलरबरोबर आल्या नाहीत, जागेबरोबर राहिल्या. तिच्या कोपऱ्यात माझा कंट्रोलरही पळायचा. दुकानात नेऊन कंट्रोलर बदलून आणायचा विचार मी करत होते, तो तिथेच संपला.

मग पहिला संशय मायक्रोवेव्हवर. बहुतेक कंट्रोलर ज्या लहरींवर बोलतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, आणि घरातला मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर. त्याच पट्ट्यात जुने वाय-फाय, बिनतारी माउस, हेडफोन, सगळ्यांची वस्ती. हा पट्टा परवान्याशिवाय कोणालाही वापरता येतो, म्हणून सगळे तिथेच येऊन राहिले. आम्ही मायक्रोवेव्ह मुद्दाम रिकामी वाटी पाण्याने भरून दोन-दोन मिनिटं चालवला. वहीत फुल्या वाढल्या नाहीत. मग वाय-फाय. कन्सोल ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर नेला, राउटर टीव्हीजवळून हलवला. फुल्या थोड्या कमी झाल्या, गेल्या नाहीत.

"पण एकाच वेळी एवढे सगळे बोलतात तर कंट्रोलरचं ऐकू कसं येतं?" तिने विचारलं. इथे मला खरोखर आनंद झाला, कारण या सगळ्या भानगडीतला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे.

आमचे कंट्रोलर ब्लूटूथवर बोलतात. ब्लूटूथने हा पट्टा ७९ खोल्यांमध्ये वाटून घेतला आहे, प्रत्येक खोली १ मेगाहर्ट्झची. कंट्रोलर आणि कन्सोल एका खोलीत बसून बोलत नाहीत. एक तुकडा या खोलीत, लगेच दुसऱ्या खोलीत, मग तिसऱ्या, सेकंदाला १६०० उड्यांपर्यंत. कोणत्या क्रमाने उड्या मारायच्या ते दोघांनी आधीच ठरवलेलं असतं. एखाद्या खोलीत कुणाचा गोंगाट असेल तर तेवढाच तुकडा वाया जातो आणि तो पुन्हा पाठवता येतो. २००३ साली आलेल्या १.२ या आवृत्तीपासून तर ही जोडी गोंगाटाच्या खोल्या लक्षात ठेवून त्या गाळूनच उड्या मारते.

या उड्यांची एक जुनी गोष्ट मी तिला सांगितली. १९४२ साली हेडी लमार ही अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांना मिळून एक पेटंट मिळालं. पाणतीराला, म्हणजे टॉर्पेडोला, बिनतारी हुकूम द्यायचे तर शत्रू त्या लहरीवर गोंगाट करून हुकूम बुडवेल, म्हणून हुकमाने सतत लहरी बदलत राहायचं. दोन्ही टोकांना, आपोआप वाजणाऱ्या पियानोत असते तशी भोकं पाडलेली कागदी गुंडाळी, दोन्ही एकाच वेगाने फिरणार, आणि लहरी ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. अमेरिकेच्या आरमाराने ती कल्पना तेव्हा वापरली नाही. ब्लूटूथ त्या पेटंटमधून सरळ जन्माला आलं असं म्हणता येणार नाही, पण मूळ विचार तोच, दोघांनी एकाच वेळी, एकाच क्रमाने जागा बदलायची.

लेकीने लगेच दोन चिठ्ठ्या केल्या. दोघींच्या हातात एकच क्रम. ती स्वयंपाकघरात, मी तिच्या मागे, ती गॅलरीत, मी गॅलरीत, प्रत्येक ठिकाणी एकच शब्द बोलायचा. एका फेरीत माझी एक ओळ चुकली आणि मी एकटीच बाहेरच्या खोलीत उभी राहिले. ती आतून हाका मारत होती. कन्सोलचं आणि कंट्रोलरचं नातं मला त्या क्षणी जितकं कळलं तितकं वाचून कळलं नव्हतं. आपण ‘कनेक्टेड’ हा शब्द एकदा जोडलं की जोडलेलंच राहतं अशा अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात ते दोघं एकमेकांना सतत नव्याने गाठत असतात.

मायक्रोवेव्ह सुटला, पण जाताना एक धागा देऊन गेला. त्याच्या दाराच्या काचेत बारीक भोकांची धातूची जाळी असते. या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, त्यांना एवढ्याशा भोकातून बाहेर पडता येत नाही, प्रकाश मात्र येतो, म्हणून आतलं दिसतं. हे तिला दाखवत असताना माझी नजर टीव्हीखालच्या कपाटाकडे गेली. त्याचं दार भोकं पाडलेल्या पत्र्याचं आहे. धूळ बसू नये म्हणून मी कन्सोल त्यात ठेवला होता आणि खेळतानाही दार लावून घेत होते. आतला कन्सोल पत्र्याआडून, फटींतून येईल तेवढं ऐकत होता. दार उघडं ठेवलं आणि फुल्या निम्म्यावर आल्या. (कन्सोल असाही बंद कपाटात ठेवू नये, आत गरम हवा कोंडते. दोन्ही कारणांनी तो बाहेर हवा.)

मग तिचं बसणं. या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपलं शरीर बहुतांशी पाणी. पोटाशी धरून, गुडघ्यांआड लपवलेल्या कंट्रोलरचा आवाज बाहेर पडायच्या आधीच अर्धा गिळला जातो. आधीच तो आवाज लहान. ब्लूटूथच्या क्लास टू या कमी ताकदीच्या गटातल्या उपकरणांना कमाल २.५ मिलिवॅट एवढीच ताकद असते. पण मी तिला ‘सरळ बस’ म्हटलं नाही. हे मी ठरवून केलं. २०१७ मध्ये निन्टेंडो स्विच हा कन्सोल आला तेव्हा काहींच्या डाव्या जॉय-कॉनचा, म्हणजे त्याच्या डाव्या हातातल्या कंट्रोलरचा, संपर्क असाच तुटत होता, विशेषतः हात किंवा अंग मधे आलं की. कंपनीने काही नग बनवताना फरक राहिल्याचं मान्य केलं, आणि दुरुस्त होऊन आलेल्या जॉय-कॉनमध्ये वीजवाहक फोमचा एक छोटासा तुकडा बसवलेला आढळला. बोटाच्या पेराएवढा तुकडा. लोकांनी हात कसे धरायचे ते त्यासाठी बदलावं लागलं नाही. मूल खेळात बुडालं की अंग मुडपून बसतं. कंट्रोलर मुलासाठी आहे, तेव्हा त्यानेच त्या बसण्यात चाललं पाहिजे.

सहाव्या दिवशी वहीत एकही फुली नाही. तासभर खेळलो, तिच्याच कोपऱ्यात, तिच्याच पद्धतीने बसून. सातव्या दिवशी पुन्हा पाच. वही मांडीवर घेऊन ती दोन ओळी शेजारी शेजारी बोटाने वाचत बसली. बसण्याची जागा तीच, वेळ जवळजवळ तीच, दार उघडं, राउटर लांब.

"आई, काल ती काळी डबी नव्हती."

काळी डबी म्हणजे बाहेरून लावलेली हार्ड डिस्क. कन्सोलमधली जागा भरत आली म्हणून कन्सोल आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी ती पुढच्या यूएसबीत लावली होती, आणि वहीतल्या सहाव्या दिवशी फोटो उतरवायला काढून नेली होती. तिच्या रकान्यात तिने घरात चालू असलेल्या गोष्टींमध्ये ‘डबीचा दिवा’ लिहिलं होतं. मी ते रोज पाहत होते आणि लहान मुलाने लिहिलेलं काहीतरी म्हणून सोडून देत होते.

यूएसबी ३.० ची वेगवान तार काम करत असताना आजूबाजूला गोंगाट सांडते, आणि तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. मायक्रोवेव्ह किंवा वाय-फाय काही खोल्या अडवतात, त्यांना उडी मारून चुकवता येतं. हा गोंगाट पावसासारखा सगळ्याच खोल्यांवर पडतो. कुठेही उडी मारा, तिथे तो आहेच. आणि तो लांबूनही येत नाही. ऐकणारा अँटेना कन्सोलच्या आत, गोंगाट त्याच्या अगदी कानाशी, आणि तीन मीटरवरून एक लहान मुलगी पोटाशी धरलेल्या कंट्रोलरमधून सांगते आहे, थांब. मी जवळ, उंचावर, टीव्हीच्या समोर बसायचे. माझा आवाज कसाबसा पोहोचत होता. तिचा बुडत होता.

एक हातभर लांब, चांगल्या आवरणाची केबल आणली, डिस्क मागच्या यूएसबीत लावून कपाटाच्या बाहेर, भिंतीकडे ठेवली. कन्सोल कपाटावर आला. एवढंच केलं. पुढचे चार दिवस वही कोरी.

एक गोष्ट अजून मनातून जात नाही. २००२ मध्ये निन्टेंडोच्या गेमक्यूब या जुन्या कन्सोलसाठी वेव्हबर्ड नावाचा बिनतारी कंट्रोलर आला होता. त्यावर सोळा आकड्यांचं एक चाक होतं, तसंच चाक कन्सोलला लावायच्या भागावर. दोन्हीकडे एकच आकडा ठेवायचा, अडथळा आला तर आकडा बदलायचा. आता हे सगळं आतल्या आत होतं आणि ते किती तरी चांगलं होतं, यात शंका नाही. पण त्या चाकाने खेळणाऱ्याला एक गोष्ट सांगितलेली असायची, की मधे हवा आहे आणि तिच्यात गडबड होऊ शकते. आजचा कन्सोल मला निदान एवढं सांगू शकला असता, की तुमच्या लेकीचे इतके निरोप माझ्यापर्यंत आले नाहीत. त्याला ते माहीत असतं. फोनवर नेटवर्कच्या काड्या दिसतात, तशा कंट्रोलरच्या नावापुढे दोन काड्या दाखवायला काय हरकत आहे, मला खरंच कळत नाही. दहा दिवस एका मुलीने स्वतःला अडाणी समजण्यापेक्षा पडद्याचा कोपरा थोडा भरलेला परवडला.

त्या कोऱ्या चार दिवसांतलाच एक दिवस. आम्ही त्याच कड्यापाशी आलो होतो. तिचा भिडू धावत आला, कडेला पोचला, थोडा पुढे गेला आणि पडला. मी काही बोलले नाही. तिने आधी कंट्रोलरच्या दिव्याकडे पाहिलं, मग डबीकडे, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. स्टिक अजून उजवीकडेच झुकलेली होती.

"वहीत लिहायचं का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली, "हे माझं आहे." आणि गुडघे आणखी जवळ ओढून घेत तिने पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं.